शाळेच्या फोटोत राहिलेली शेती
जासई परिसराच्या निमित्ताने जुन्या शाळांच्या ग्रुप फोटोंविषयी

पनवेलहून उरणकडे जाताना गव्हाण फाटा ओलांडला की जासई येते. आज या भागात नजर जाईल तिकडे कंटेनरचे ट्रेलर, गोदामे, उड्डाणपूल आणि अटल सेतूला जोडणारे रुंद रस्ते दिसतात. दोन पिढ्यांपूर्वी इथे भाताची खाचरे होती, खाडीच्या अंगाला मिठागरे होती आणि खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाने मिळून राखलेले बांध होते. पावसाळ्यात डोक्यावर इरले घेऊन लावणी करणाऱ्या बायका दिसत. नवीन पिढीने हे ऐकले आहे, पाहिलेले नाही. 'आपले शेत कुठे होते?' असे नातवाने विचारले, तर आजोबांनी बोट दाखवावे कुठे? तिथे आता गोदामाची भिंत आहे.

शेताचा फोटो त्या काळी कोणी काढत नसे. कॅमेरा ही लग्नाकार्याची आणि शहराची गोष्ट होती. शाळेचा ग्रुप फोटो मात्र निघत असे. वर्षाच्या शेवटी, मुख्याध्यापकांच्या निरोपाला किंवा एखाद्या पाहुण्याच्या भेटीला तालुक्याहून फोटोग्राफर बोलावला जाई आणि सारी शाळा इमारतीसमोर ओळीने उभी राही. त्या फोटोत मुलांच्या मागे इमारत येई, आणि इमारतीच्या मागे शेत. कोणाच्या ध्यानीमनी नसताना शेत फोटोत राहून गेले. म्हणूनच शेती शिकवणाऱ्या किंवा शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या शाळांचे जुने फोटो आज नुसत्या आठवणी राहिलेले नाहीत. गावाच्या इतिहासाची ती कागदपत्रे आहेत.

शाळेत शेती शिकवायची कल्पना

शेती हा शाळेचा विषय असावा, ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, असे त्यांनी त्यात सुचवले होते. शेतसाऱ्याच्या रूपाने ज्यांच्या घामाचा पैसा सरकारी तिजोरीत जातो, त्यांच्या मुलांना शाळेत काय मिळते, हा त्यांचा साधा सवाल होता.

सरकारने वरच्या बाजूने सुरुवात केली. पुण्याचे कृषी महाविद्यालय १९०७ साली स्थापन झाले. आपल्या जिल्ह्यात कर्जतला १९१९ साली भात संशोधन केंद्र उघडले. पण महाविद्यालयापर्यंत पोहोचण्यासाठी आधी माध्यमिक शाळा हवी, आणि खेड्यातल्या मुलाला ती मिळणे दुरापास्त होते. त्यामुळे शेतीचे शिक्षण आणि शेतकऱ्याचे मूल यांची गाठ पडायला आणखी बरीच वर्षे गेली.

ती गाठ घालण्याच्या प्रयत्नात एक नाव आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. ते म्हणजे डॉ. झाकीर हुसेन. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे कुलगुरू डॉ. झाकीर हुसेन. सात ते चौदा वर्षांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण मिळावे आणि ते एखाद्या हाताच्या कामाभोवती उभारावे, अशी या समितीची योजना होती. सूतकताई, सुतारकाम यांच्याबरोबर शेती आणि बागकाम हेही मूलोद्योग म्हणून त्यात होते. वाफा मोजताना भूमिती शिकायची, पावसाची नोंद ठेवताना भूगोल शिकायचा, उत्पन्न विकताना हिशेब शिकायचा, असा त्यामागचा विचार. 'नई तालीम' या नावाने ही योजना ओळखली गेली. तिचा आराखडा मांडणारे झाकीर हुसेन पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले.

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ मध्ये मुदलियार आयोगाने माध्यमिक शिक्षणाचा विचार केला. सगळ्या मुलांना एकाच साच्यातून काढण्यापेक्षा बहुउद्देशीय शाळा काढाव्यात आणि त्यांत सात शाखा असाव्यात, अशी शिफारस आयोगाने केली. त्या सातांपैकी एक शाखा शेतीची होती. कारकुनी सोडून दुसऱ्या कशासाठी तरी हायस्कूल असू शकते, हे मान्य झाले. ज्या शाळांजवळ जमीन होती त्यांनी ती कसायला घेतली, विहिरी खणल्या, गोठे बांधले. त्या काळातल्या शालेय फोटोंत फावडे-घमेले घेतलेली मुले दिसतात, त्यामागे ही सगळी पार्श्वभूमी आहे.

कर्मवीरांची परंपरा आणि जासई

जासईत रयत शिक्षण संस्थेचे छत्रपती शिवाजी हायस्कूल आहे. त्याच्या कनिष्ठ महाविद्यालयाला लोकनेते दि. बा. पाटील यांचे नाव आहे. उरण तालुक्यातच फुंडे येथे आणि शेजारच्या पनवेलमध्ये याच संस्थेची महाविद्यालये आहेत. त्यामुळे जासईच्या शाळेकडे पाहायचे तर रयतची परंपरा समजून घ्यावी लागते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, रामोशी, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. त्या काळात हे सोपे नव्हते. घर चालवताना आणि मुलांच्या पोटाची सोय करताना कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले, हे महाराष्ट्राला माहीत आहे.

बोर्डिंगची मुले फुकट खात नसत. शेतात राबणे, दगड फोडणे, रस्त्याची कामे करणे, इमारतीच्या बांधकामाला हात लावणे, हे त्यांच्या शिक्षणाचाच भाग होते. १९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर चालणारे हे मोफत निवासी हायस्कूल होते. गरीब मुलाने फी भरायची नाही, त्याऐवजी श्रम द्यायचे. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमुचे ब्रीद' हे संस्थेचे वाक्य तिथल्या मुलांच्या हातांवरच्या घट्ट्यांतून आले आहे.

या कामात मुस्लिम समाजाचा वाटा आहे आणि तो संस्थेने विसरलेला नाही. साताऱ्यातील रयतच्या विधी महाविद्यालयाला इस्माईलसाहेब मुल्ला यांचे नाव दिलेले आहे. आपल्या मुलांना हे नाव सांगावे. बहुजनांच्या शिक्षणाची चळवळ उभी राहत असताना मराठी मुसलमान बाजूला उभा राहून पाहत नव्हता, हे त्यातून त्यांना समजेल.

अशा शाळांच्या फोटोंत विद्यार्थी आणि इमारत या दोन वेगळ्या गोष्टी नसतात. ज्या भिंतीसमोर मुले उभी आहेत, त्या भिंतीचे दगड अनेकदा त्यांच्याच आधीच्या तुकडीने वाहिलेले असतात. हे ध्यानात घेतले की फोटो वेगळा दिसू लागतो.

ग्रुप फोटो कसा वाचावा?

जुना ग्रुप फोटो हातात आला की आपण आपल्या माणसाचा चेहरा शोधतो आणि तो सापडला की फोटो बाजूला ठेवतो. थोडे थांबून पाहिले तर त्यात पुष्कळ काही सापडते.

आधी बसण्याची पद्धत पाहा. मधल्या खुर्चीवर मुख्याध्यापक, त्यांच्या दोन्ही बाजूंना शिक्षक, खाली जमिनीवर मांडी घातलेली लहान मुले, मागे बाकांवर उभी मोठी मुले. एका टोकाला, बहुधा किंचित अंतर ठेवून, शिपाई उभा असतो. घंटा वाजवणारा, पाणी भरणारा, पावसाळ्यात शाळेचे छप्पर शाकारणारा हा माणूस. फोटोखाली नावे छापलेली असली तरी त्याचे नाव बहुतेक वेळा नसते. आज हयात असलेल्या कोणाला ते आठवत असेल तर लिहून ठेवावे.

मग टोप्या पाहा. १९२०-३० च्या सुमाराच्या फोटोंत काळ्या टोप्या, पगड्या आणि त्यांच्यामध्ये गोंडा लावलेली लाल रुमी टोपी दिसते. कृष्णधवल फोटोत ती लाल दिसत नाही, पण उंच आकारावरून ओळखता येते. ती आपली मुले. पुढे पांढऱ्या गांधी टोप्या वाढत जातात आणि रुमी टोपी कमी होत जाते. १९६० नंतर बरीच डोकी उघडी दिसू लागतात. फोटोवर साल नसेल तर टोप्यांवरूनही काळाचा अंदाज येतो.

कोणी हसत नाही याचे अनेकांना नवल वाटते. पूर्वी तिपाईवरच्या मोठ्या कॅमेऱ्यात काचेची प्लेट घालत. फोटोग्राफर डोक्यावरून काळे कापड ओढून घेई, काचेवर उलटे पडलेले चित्र जुळवी आणि मग सर्वांना स्तब्ध उभे राहायला सांगे. जो हलला त्याचा चेहरा पुसट येई. जवळजवळ प्रत्येक जुन्या शालेय फोटोत असा एखादा पुसट चेहरा सापडतो. त्याला स्थिर उभे राहणे जमले नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

इमारतीकडे पाहा. गवती छप्पर आहे की कौले? कौले असतील तर ती गावठी नळीची आहेत की मंगलोरी? पडवीला लाकडी खांब आहेत की दगडी? घंटेऐवजी रुळाचा तुकडा टांगलेला आहे का? विजेचा खांब आहे का? शेतीच्या शाळेत याशिवाय आणखी खुणा असतात: अवजारांची खोली, गोठा, विहिरीवरची मोट किंवा तिच्या जागी आलेले इंजिन, पर्जन्यमापक, रोपवाटिकेचे वाफे. लोखंडी नांगर दिसला तर तो फोटो बहुधा विसाव्या शतकातला, कारण किर्लोस्करांचा लोखंडी नांगर बाजारात आला तो १९०३ च्या सुमारास. कोकणातल्या चिखलाच्या खाचरात मात्र लाकडी नांगर फार काळ टिकला.

आणि शेवटी, फोटोत कोण नाही ते पाहा. शेतीच्या शाळेच्या जुन्या फोटोंत मुली जवळजवळ नसतात. राब भाजण्यापासून लावणी, बेणणी, कापणीपर्यंत शेतातले निम्म्याहून अधिक काम ज्यांनी केले, त्या आपल्या दादी-नानी शेती 'शिकण्याच्या' फोटोत आल्याच नाहीत. त्यांचे ज्ञान तोंडी होते. कोणते बियाणे खाऱ्या जमिनीत तग धरते, आवण किती दिवसांचे झाले की काढायचे, कोणत्या भाताची भाकरी चांगली होते, हे त्यांना माहीत होते. त्यांतल्या ज्या आज आपल्यात आहेत, त्यांचे बोलणे मोबाईलवर नोंदवून ठेवणे हाही फोटो जपण्याइतकाच महत्त्वाचा ऐवज आहे.

खाऱ्या जमिनीचे शास्त्र

उरण-पनवेल पट्ट्यातल्या शेतकऱ्याला शाळेने शेती शिकवायची म्हणजे नेमके काय शिकवायचे, असा प्रश्न कोणी विचारील. इथली शेती देशावरच्या शेतीपेक्षा निराळी. भरतीचे पाणी बाहेर ठेवण्यासाठी बांध, आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडण्यासाठी उघाडी. बांध फुटला की एका रात्रीत शेत खारे होई, आणि पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत दोन-तीन वर्षे पीक धड येत नसे. म्हणून बांधाचे काम कोणा एकाचे नव्हते. आगरी, कोळी, मुसलमान, ज्याचे शेत त्या खारीत आहे त्या प्रत्येकाने माणूस द्यायचा, असा रिवाज होता. सरकारने यासाठी १९४८ मध्ये खारजमीन कायदा केला.

या जमिनीत टिकणारी तांबड्या दाण्याची भाते शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणली होती. त्यांच्यातूनच शास्त्रज्ञांनी 'काळा रता १-२४' आणि 'भुरा रता ४-१०' हे वाण निवडले. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने 'पनवेल' या नावाने सुधारित वाण दिले. म्हणजे संशोधन केंद्राच्या प्रयोगाचा पहिला पाठ अंगठाबहाद्दर शेतकऱ्याच्या कणगीत लिहिलेला होता. शेतीच्या शाळेचा खरा उपयोग इथे होता. घरातल्या माणसाला जे ठाऊक आहे ते का तसे आहे, हे मुलाला समजावे आणि दोन्ही ज्ञानांची सांगड बसावी.

१८ मे १९७२ रोजी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. कोकणच्या शेतीला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. पण नेमक्या त्याच सुमारास उरण-पनवेलच्या शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन सरकू लागली होती.

जमीन गेली, फोटो राहिला

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन ठरवण्यात आली. शेते, मिठागरे, गुरचरण सगळेच त्यात आले. कूळकायद्याने ज्यांना जमिनीची मालकी मिळून जेमतेम एक पिढी झाली होती, त्यांच्या हातात संपादनाच्या नोटिसा पडल्या.

या शेतकऱ्यांचा आवाज झाले ते जासईचेच सुपुत्र दिनकर बाळू पाटील, म्हणजे सर्वांचे 'दिबा'. १३ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म जासईत झाला. शेतकरी कामगार पक्षाचे नेते, पनवेलचे पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. जानेवारी १९८४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला जासईजवळ दास्तान फाटा आणि नवघर येथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. दरवर्षी या तारखांना तिथे त्यांना आदरांजली वाहिली जाते. या आंदोलनाच्या रेट्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. देशातल्या इतर प्रकल्पग्रस्तांनीही नंतर या तत्त्वाचा दाखला दिला. दिबांचे २४ जून २०१३ रोजी निधन झाले.

१९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि परिसराचा चेहरा झपाट्याने बदलला. या बदलाने बरेच काही दिलेही. रस्ते आले, नोकऱ्या आल्या, मुलामुलींसाठी महाविद्यालये जवळ आली. त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण ज्या मुलाने शाळेच्या वाफ्यात भाताचे आवण लावायला शिकून घेतले, तो मोठा होईपर्यंत लावायला खाचरच उरले नाही, हेही खरे आहे. त्याच्या शिक्षणाचे काय झाले? ते वाया गेले असे म्हणवत नाही. जमीन मोजायला, नोटीस वाचायला, हरकत लिहायला आणि सभेत उभे राहून बोलायला जी पिढी शिकली, ती याच शाळांत शिकली.

या सगळ्यात मुसलमान शेतकरीही होता. तळोजे, पनवेल, उरण या भागांतली कोकणी मुस्लिम घराणी भातशेती आणि दर्यावर्दी व्यवसाय अशा दोन पायांवर उभी होती. घरातला एक भाऊ जहाजावर, दुसरा शेतावर. नंतर आखाती देशांच्या वाटा उघडल्या. जहाजावर गेलेल्याचा फोटो सीडीसीवर राहिला, हजला गेलेल्याचा पासपोर्टवर राहिला. शेतावर राहिलेल्या भावाचा फोटो कुठे असेल तर तो शाळेच्या ग्रुपमध्ये. काही घरांत तसबिरीबद्दल संकोच होता, त्यामुळे घरगुती फोटो काढले गेले नाहीत. अशा कुटुंबांसाठी तर मरहूम वडिलांचा किंवा आजोबांचा जगातला एकमेव फोटो शाळेच्या भिंतीवर किंवा वर्गमित्राच्या ट्रंकेत असण्याची शक्यता आहे.

फोटो म्हणजे पुराव्याचा पत्ता

भावनेच्या पलीकडे या फोटोंचा एक व्यवहारी उपयोग आहे आणि तो आपल्या समाजाने नीट समजून घेतला पाहिजे.

जातीच्या दाखल्यासाठी किंवा पडताळणीसाठी अर्ज करताना जुना शालेय पुरावा मागितला जातो. महाराष्ट्रात इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. पिंजारी, बागवान, तांबोळी, मोमीन अशा अनेक मुस्लिम जमाती या यादीत आहेत. पण घरात कागद नसतात, आजोबा कोणत्या शाळेत होते हे कोणाला ठाऊक नसते, आणि मुलाची प्रवेशाची मुदत निघून जाते. जुन्या रजिस्टरमध्ये नुसते 'मुसलमान' एवढेच लिहिलेले असेल तर अडचण आणखी वाढते. मग भावंडे, चुलते, आत्या अशा रक्ताच्या नातेवाइकांच्या नोंदी शोधाव्या लागतात.

अशा वेळी ग्रुप फोटो कामाला येतो. फोटो स्वतः जातीचा किंवा जन्मतारखेचा पुरावा होत नाही. पण त्यावर शाळेचे नाव असते, साल असते, इयत्ता असते. एवढे समजले की त्या शाळेत अर्ज करून जनरल रजिस्टरचा उतारा मागता येतो. फोटो हा पुरावा नसला तरी पुराव्याचा पत्ता आहे. ज्या घराला पत्ता माहीत आहे ते एका हेलपाट्यात काम करते, आणि ज्याला माहीत नाही ते वर्षभर फिरते.

जुन्या शाळा आता पाडल्या जात आहेत. नवीन काँक्रीटची इमारत होते, ते चांगलेच आहे. पण हलवाहलवीत भिंतीवरच्या तसबिरी, हजेरीपट, शेतीच्या प्रयोगांच्या वह्या कुठल्या तरी खोलीत गोणीत भरून पडतात आणि दोन पावसाळ्यांत वाळवी त्यांचा निकाल लावते. शाळेचे नवे बांधकाम सुरू होणार असे कळले की माजी विद्यार्थ्यांनी आणि मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी मुख्याध्यापकांना भेटून या वस्तूंची चौकशी करावी. भांडायला जाऊ नये, मदतीला जावे. कपाट देऊ केले, स्कॅनिंगचा खर्च उचलला, तर कोणताही मुख्याध्यापक नाही म्हणणार नाही.

घरातले फोटो असे जपा

कोकणची दमट हवा फोटोची वैरी आहे. थोडी काळजी घेतली तर फोटो आणखी दोन-तीन पिढ्या टिकतो.

● फोटोला लॅमिनेशन करू नका. एकदा केले की ते काढता येत नाही आणि आतला फोटो खराब होत जातो. चिकट पानांचे अल्बमही टाळा.

● फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका. काचेसकट त्याचा फोटो किंवा स्कॅन काढून घ्या.

● भिंतीवर लावायची ती प्रत. मूळ फोटो कागदी पाकिटात, पत्र्याच्या कोरड्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि हिवाळ्यात एकदा डबा उघडून पाहा.

● मागच्या बाजूला लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब आणि शाई दोन्ही पुढे उमटतात.

● १९७०-८० च्या रंगीत फोटोंची घाई करा. जुने कृष्णधवल फोटो चांदीच्या क्षारांवर बनलेले असल्याने टिकाऊ असतात. रंगीत फोटोंतले रंग उडून ते लालसर पडत जातात. म्हणून आधी रंगीत स्कॅन करा.

● स्कॅन किमान ६०० डीपीआयवर करा. स्कॅनर नसेल तर दिवसा, सावलीत, फोटो सपाट ठेवून मोबाईलने वरून सरळ टिपा. फ्लॅश वापरू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत लहान होते, म्हणून मूळ फाइल वेगळी जपा.

● जुन्या निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती कुजू लागली आहे असे समजा. ती इतरांपासून वेगळी करा आणि लवकर स्कॅन करून घ्या.

● फोटोत घरच्या स्त्रिया असतील तर समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी त्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी घ्या. जपणे वेगळे आणि जगजाहीर करणे वेगळे.

नावे लिहून घ्या

सर्वांत निकडीचे काम मात्र कॅमेऱ्याचे नाही, कागद-पेन्सिलीचे आहे. फोटो शंभर वर्षे टिकेल, पण त्यातले चेहरे ओळखणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. फोटोची मोठी प्रत काढा, प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाका आणि ती प्रत त्यांच्यापुढे ठेवा. आकडा, नाव, गाव, वडिलांचे नाव, पुढे काय केले, इतकी पाच घरे आखलेली वही पुरेशी आहे. एकाला दहा नावे आठवतील, दुसऱ्याला आणखी चार. हिंदू वर्गमित्राच्या घरीही जा. आपल्या आजोबांचे नाव त्यांच्या आजोबांना आठवत असेल, आणि त्यांचे आपल्या घरी कोणाला तरी. त्या वयातली माणसे शाळेबद्दल बोलू लागली की थांबत नाहीत. शेतातल्या चोरलेल्या काकड्या, गुरुजींची छडी, उघाडीवर पकडलेला जिताडा, सगळे निघते. तेही लिहा.

शाळेतल्या मुलांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. इतिहासाचा प्रकल्प इंटरनेटवरून उतरवून काढण्यापेक्षा आपल्या गावच्या एका फोटोतली वीस माणसे ओळखून आणली तर मूल इतिहास काय असतो ते शिकेल. गावात दोन-चार घरांनी सुरुवात केली की बाकीची घरे आपोआप ट्रंका उघडतात.

जासईसारख्या गावांनी मुंबईच्या विस्तारासाठी आपली जमीन दिली. ती परत येणार नाही. पण त्या जमिनीवर कोण राबत होते, कोण शिकत होते, कोणाच्या शेजारी कोण बसत होते, याची नोंद आपल्या हातात आहे. मागच्या पिढीने ठेवलेली ही अमानत आहे. येत्या सुट्टीत घरातली जुनी ट्रंक उघडा, जो फोटो सापडेल तो घेऊन घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा आणि पहिले नाव लिहून घ्या.